शाळेमागची भरलेली टाकी

सकाळी अकराची वेळ, पाणीपुरवठ्याचं कार्यालय. येरमाळ्याकडच्या एका गावच्या सरपंच सखूबाई टँकर मागायला आल्या होत्या, बातमीसाठी मीही होतो. साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली.

"बाई, टाकीत सेलवर चालणारं यंत्र बसवलंय. पाणी किती आहे ते कोसांवरून बिनतारी कळवतं. टाकी काठोकाठ भरलीय, टँकर कसा देऊ?"

"मग आमच्या घागरीला पाणी का न्हाय? कुठली टाकी हो ही?"

"शाळेमागची."

सखूबाई साहेबांना म्हणाल्या, "ती तर दिवाळीतच तुमच्या माणसांनी पाडली की."

"मग कळवतंय कोण?" मी विचारलं.

साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. टाकी भरलेलीच निघाली.

टँकर अजून आलेला नाही. ते यंत्र कुणाच्या पाण्यात बुडालंय, हेही अजून कुणी सांगितलेलं नाही.