न केलेली खूण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, परिचारिका भगिनी, वॉर्डातले आणि स्वच्छतेकडचे सहकारी, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या डॉक्टर मॅडम, आणि तिसऱ्या रांगेत भिंतीच्या कडेला बसलेले माझे थोरले बंधू, वहिनी व पुतणी,

मला पाच मिनिटे दिली आहेत. ती कशी वापरायची हे मी तीन आठवडे ठरवतो आहे.

आधी एक दुरुस्ती. अध्यक्षांनी आत्ता म्हटले, मॅडमनी तेवीस वर्षे पोटाची दुर्बीण केली. राग मानू नये, पण पोटाची दुर्बीण पुष्कळ जण करतात. वरून जठरापर्यंत आणि खालून मोठ्या आतड्यापर्यंत. मधले लहान आतडे वेटोळी घालून बसलेले असते, तिथवर पोचणारे थोडे. मॅडम पोचल्या. त्यासाठीची दोन फुग्यांची लांब नळी आतड्यात कशी पुढे सरकते, असे मी त्यांना पहिल्यांदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पायजम्यात नाडी ओवली आहे ना कधी? कापड मागे गोळा होतं आणि नाडी पुढे जाते. तसंच." इतके सोपे मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नाही. आणि पुस्तके मी बरीच वाचली आहेत.

मी कॅमेरे दुरुस्त करणारा. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. इथला मॉनिटर दुरुस्त करायला आलो आणि राहिलो. आतड्याच्या आतल्या भिंतीवर मांसल कोंब उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. ते ओळखायला मी मॅडमच्या कपाटातली पुस्तके नेऊन, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. हे मी अभिमानाने सांगत असे. आज जरा जपून सांगतो.

कामाची पद्धत अशी होती. रुग्ण सकाळी कॅमेऱ्याची गोळी गिळतो. संध्याकाळपर्यंत ती पन्नास हजारांहून जास्त फोटो काढते. ते सगळे आधी मी बघायचो. शंका येईल त्या फोटोवर खूण करायची, मॅडम खुणा उघडून बघणार आणि अहवालावर सही करणार. इतर ठिकाणी हे काम करणारे बुडबुडा दिसला की खूण करत, आतड्याची साधी घडी दिसली की खूण करत. माझी एकही खूण वाया जात नसे. थोरल्या सिस्टर म्हणायच्या, "आले बाई आतड्याचे हेडमास्तर!" सिस्टर हसताहेत. मला ते फार आवडायचे, सिस्टर.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला इथे आणले. वय बारा. लहानपणापासून तिच्या ओठांवर काळसर ठिपके, म्हणून घरात तिचे नाव तिळी. वहिनींनी त्यावर किती मलमे चोळली असतील! मॅडमनी ओठ बघितले, पोटात अधूनमधून येणारी कळ विचारली, रक्त कमी आहे हे बघितले आणि म्हणाल्या, "हा वरवरचा डाग नाही. हा जन्मजात आजार असू शकतो. यात लहान आतड्यात पॉलिप होतात. गोळी देऊ या."

फोटो मी बघितले. अहवाल गेला, काही आढळले नाही. दादाने मला मिठी मारली.

पाच महिन्यांनी तिळीला तातडीने ऑपरेशनला न्यावे लागले. शर्टाची बाही आत ओढली जावी तसे आतडे आतड्यात शिरले होते. त्याला ओढणारा पॉलिप होता सुपारीएवढा. अडीच फूट आतडे काढावे लागले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते जुने फोटो स्वतः लावले. जठरातून गोळी बाहेर पडली की पहिल्या टप्प्यात ती फार वेगाने पळते. तिथे नऊ मिनिटे चाळीस सेकंदांवर त्या थांबल्या. तीन फोटो, कडेला गुलाबी, गोलसर काठ. त्यांनी विचारले, "हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

मी म्हणालो, "नाही, मॅडम."

"हं. सही माझी आहे," एवढेच त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन दादाला म्हणाल्या, "चूक माझी."

पुढचे इथल्या निम्म्या लोकांनी ऐकले आहे. दादा भर रांगेसमोर ओरडला, "पोरीचं आतडं कापलंत आणि चूक म्हणता? डॉक्टर आहात की नुसत्या सह्या ठोकायला बसवलंय?" मॅडम ऐकून घेत होत्या. मी तिळीच्या चपला हातात धरून बाजूला उभा होतो.

त्यानंतर मॅडमनी नियम केला. प्रत्येक फोटोमालिका दोघांनी बघायची, एकमेकांच्या खुणा न बघता. सगळे त्या नियमाचे कौतुक करतात. तो कशामुळे आला हे कोणी बोलत नाही.

हा आजार एकदा कापून संपत नाही. कोंब पुन्हा येतात. ठरल्या मुदतीने त्या नळीने आत जाऊन ते लहान असतानाच तारेच्या फासाने काढायचे, म्हणजे पोट उघडावे लागत नाही. दादाने तिला इथे पुन्हा पाऊल टाकू दिले नाही. एकदा दूरच्या शहरात नेले, त्यालाही चार वर्षे झाली.

तीन आठवड्यांपूर्वी ती माझ्या घरी आली. "काका, परत दुखतंय. तसंच."

"उद्याच मॅडमना दाखवू."

"बाबा नाही म्हणतात. आणि खरं सांगू? मलाही नको वाटतं. त्यांना एकदा दिसलं नाही, ते आता दिसेल कशावरून?"

तेव्हा मी तिला सांगितले. तिने ऐकले. रडली नाही. म्हणाली, "मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका. बाबांना सांगा. त्यांनी जिथे मॅडमना बोल लावला, तिथल्या लोकांसमोर सांगा. मग मी येईन."

मॅडम, तुम्ही हाताने बस म्हणता आहात. बसतो. एक वाक्य राहिले आहे.

मला ते दिसले होते.

तीनही फोटो मी मागे घेऊन घेऊन बघितले. घडी असेल असे वाटले, नसेल असेही वाटले. खूण करावी आणि ती वाया जावी, तीही माझ्याच घरच्या पोरीच्या बाबतीत, हे मला नको होते. मी पुढे गेलो. मॅडमना हे आज, आत्ता कळते आहे.

दादा, उठलास. ठीक आहे, उभ्याने ऐक. तुझा राग खरा होता, माणूस चुकीचा होता. जे बोलायचे ते मला बोल, इथे किंवा घरी. पण शुक्रवार हा मॅडमचा शेवटचा कामाचा दिवस, आणि सकाळी आठची वेळ मी त्यांना न विचारता रिकामी ठेवली आहे. त्या दिवशी पडद्यासमोर मी नसेन. सिस्टर असतील.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. वेळ जास्त घेतला. भाषणात काही उणेअधिक असेल तर पोटात घालावे, असे मी आपणा सर्वांना म्हणू शकतो. मॅडमना आणि दादाला तसे म्हणायचा मला हक्क नाही.

तिळे, सांगितले. शुक्रवारी आठ वाजता. आदल्या रात्रीपासून काही खायचे नाही.

येतेस ना?