महिलांसाठी राखीव बाग

दमले बाई, आधी चहा टाक. अगं, आमच्या भागातल्या पालिकेच्या बागेच्या देखभालीचं काम महिला बचत गटांसाठी राखीव निघालं. गटाची अध्यक्ष म्हणून मी पालिकेत मीटिंगला गेले, तर सगळ्या खुर्च्यांवर बाकीच्या गटांच्या अध्यक्षांचे नवरे!

साहेब मलाच म्हणाले, "ताई, मिस्टर कुठेत?"

"मनमाडला, ड्यूटीवर. गट माझा आहे."

"पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा. बोलायला बरं पडतं."

आमच्या बायकांना काम हवं होतं, कुठे भांडत बसू? ह्यांना रजा काढायला लावली, झाडं-खतं सगळं पाठ करून घेतलं आणि पाठवलं.

आत्ताच हे खुशीत परतले. "काम मिळालं! साहेब म्हणाले, महिला गटात एवढा हुशार माणूस पहिल्यांदाच बघितला."