पिवळ्या बाळाचा आठवा दिवस

आमी मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवार आमचा देवाच्या विसाव्याचा दिवस, त्या दिवशी बैल जुंपायचा नाय म्हणजे नाय, म्हणून गाव आमाला शनिवार तेलीच म्हणायचं. मी मात्र कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात जन्म काढला, त्यामुळं कुणी काय सांगितलं की मी पहिलं विचारणार, रिपोर्ट कुठाय?

आता तुमच्यासारखे लोक विचारतात, एस्थरताई, तुमच्यात कोळंबी का नाय, त्यात रोग असतात म्हणून ना? अरे, तसं असतं तर आपला सगळा कोळीवाडा कधीच संपला असता! देवाचा हुकूम हाय म्हणून मी खात नाय, तेवढं पुरे की.

पण आमचे जावई, बेंजामिन, ऐरोलीला कंप्युटरवर बसतात, त्यांना ते पुरत नाय. नातू झाला तशी रोज मोबाईलवर एकेक मेसेज, आई हे बघा, आठव्या दिवशी बाळाचं रक्त सगळ्यात लवकर गोठतं, म्हणून सुंता आठव्याच दिवशी, तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याला सायन्स ठाऊक होतं! सोसायटीच्या हॉलमध्ये मांडव घातला, पाहुणे बोलावले, भाषणसुद्धा लिहून ठेवलं.

आणि काय सांगू तुमाला, आठव्या दिवशी सकाळी बाळाला खिडकीत धरलं तर डोळे पिवळे, पाय पिवळे, दूध ओढत नाय. मी म्हटलं कावीळ हाय, आधी डॉक्टर. जावई म्हणाले, आई, दिवस चुकला तर सगळं सायन्सच चुकलं! माझी लेक रीना रडायला लागली, आणि मी, काय सांगू, एवढी पेटले, म्हटलं मेसेज वाचून सुरी लावायची असेल तर आधी मला बाजूला करा.

तेवढ्यात ठाण्याहून हझान आले, आमचे प्रार्थना म्हणणारे, सुंताही तेच करतात. त्यांनी बाळाचं पोट दाबून बघितलं, बोट उचललं तिथं पिवळंच, आणि हत्यारांच्या पिशवीची चेनसुद्धा उघडली नाय. म्हणाले, बाबा बेंजामिन, तुझं सायन्स मला कळत नाय, पण आजारी बाळाला हात लावायचा नाय, हाही हुकूमच हाय, जीव पहिला. चला, दवाखान्यात चला, मीपण येतो.

अहो, मला एवढा आनंद झाला! जुन्या लोकांकडं कुठली लॅब? आजारपणात सुंता करून मुलं हातातनं गेली असतील, डोळ्यांनी बघितलं असेल, त्यातनं शहाणे झाले असतील. माझा अंदाज हाय हा, रिपोर्ट नाय माझ्याकडं. पण थांबायची अक्कल होती की नाय? धर्माला सायन्सचं सर्टिफिकेट लावायला निघालो आणि तोच धर्म विसरलो!

चार दिवस बाळ दवाखान्यात निळ्या उजेडाखाली होतं. हझानांनी सांगितलं तेवढं थांबून बाविसाव्या दिवशी सुंता झाली, मलिदा केला, पोहे, नारळ, गूळ, सगळ्या मजल्यांवर वाटला. एका पाहुण्यानं विचारलं, आठव्या दिवशी का नाय? जावई म्हणाले, बाळ आजारी होतं. बस, एवढंच, भाषण नाय.

आता पोरगं गुबगुबीत गालांचं झालंय, आत्ता झोपलंय, हळू बोला. तुमालापण देव उदंड आयुष्य देवो, आणि असंच विचारत फिरा.