गुरुवारची बावीस पत्रं

नौशाबा : झाकणाला हात लावू नका मामू. उकळतंय ते, तोंडावर फवारा येईल.

मामू : लावत नाहीये, नुसतं बघतोय. इंजिनातून वाफ निघाली की मला आपलं घरच्यासारखं वाटतं.

नौशाबा : तुमच्या वाफेच्या इंजिनांची गोष्ट वेगळी. या गाडीतून वाफ निघाली म्हणजे आपला कारभार आटोपला. सकाळी खारियांला चाक पंक्चर झालं, झेलमला रस्ता चुकलो, आता हे. दोन वाजता रावळपिंडीच्या दवाखान्यात माझा निरोपसमारंभ, आणि मी इथं गुजरखानच्या अलीकडे माल्टा संत्र्यांची करंडी घेऊन रस्त्यावर उभी.

मामू : रस्ता तू चुकलीस. मी उजवीकडे हात केला होता.

नौशाबा : हात उजवीकडे केलात आणि तोंडानं डावीकडे म्हणालात.

मामू : स्टेशनमास्तरचा हात बघायचा असतो. छत्तीस वर्षं गाड्यांनी माझा हातच बघितला, एकही भलतीकडे गेली नाही.

खिजर : सलाम बाजी, सलाम बाबाजी. त्या समोरच्या टपरीतून बघतोय मघापासून. गाडीनं हुक्का धरलाय म्हटलं. मी खिजर, मेकॅनिक. बघू का?

नौशाबा : बघा ना भाई. पिंडीला पोचायचंय. किती वेळ लागेल?

खिजर : आधी हिला निवू द्या. तापलेल्या गाडीला आणि तापलेल्या सासूला लगेच हात घालू नये. हं, हा बघा, पाण्याचा पाइप फाटलाय. नवा नाही माझ्याकडे. पण दुसऱ्या गाडीचा काढून ठेवलेला आहे, तो कापून बसवतो. घरापर्यंत कुठं अडणार नाही. पाऊण तास धरा. तोवर या खाटेवर बसा, ऊन चांगलं आहे. चहा सांगतो.

नौशाबा : पाऊण तास. थांबा, फोन करते. ... हॅलो, सादिया? अगं, गाडी बिघडलीय. मला उशीर होणार. तुम्ही जेवणं उरकून घ्या... नाही, नाही, कुणालाही पाठवू नकोस, येतेय मी. बरं. ... थांबतात म्हणे. वॉर्डातल्या आयासुद्धा थांबल्यात.

मामू : थांबणारच. साठ वर्षांची होईस्तोवर त्यांची डोकी खाल्लीस, एक दुपार ते तुझ्यासाठी घालवतील. भाषण लिहिलंस?

नौशाबा : लिहिलं होतं. परवा फाडलं.

मामू : का?

नौशाबा : मामू, वजीराबादला तुम्हाला गाडीत घेतलं तेव्हापासून विचारीन विचारीन म्हणतेय. डॉक्टर मेहरुख आठवते?

मामू : कोण मेहरुख?

नौशाबा : बघा, लगेच चष्मा पुसायला लागलात. गुरुवारची मालिका. मी दहावीत होते. आठ वाजले की आपल्या क्वार्टर्सच्या गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. आम्ही आठजणी कासिम गार्डांच्या घरी सतरंजीवर. मेहरुखसारखा मधोमध भांग, मेहरुखसारखी ओढणी एका खांद्यावर. शमीमनं तर तिच्यासारखी मान वाकडी करून बोलायची इतकी सवय लावली की तिच्या आईनं हकीम बोलावला.

मामू : आठवतंय. गुरुवारी आठची पॅसेंजर हमखास दहा मिनिटं उशिरा सुटायची. गार्ड टीव्हीसमोर आणि ड्रायव्हर खिडकीत. वर काय कारण कळवायचं, मला प्रश्न पडायचा.

नौशाबा : दोन भाग बघितले आणि मला खोकल्यातून रक्त पडलं. मग डोंगरावरचं क्षयाचं सॅनिटोरियम. पाच महिने. आमच्या वॉर्डात टीव्ही नव्हता, सातला दिवे बंद. तुम्ही म्हणालात, "काळजी करू नकोस, मी बघतो आणि दर आठवड्याला लिहून पाठवतो."

मामू : पाठवलं की.

नौशाबा : पाठवलंत. बावीस पत्रं. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीला ती मालिका इंटरनेटवर सापडली. कुणीतरी जुनी सगळी चढवलीय. आम्ही दोघींनी रात्री बसून बघितली. मामू, तिचे भाग तेरा आहेत.

मामू : तेराच?

नौशाबा : तेराच. पाचव्या भागात मेहरुखचं लग्न होतं, दवाखाना सोडून ती कराचीला जाते. पुढचे आठ भाग जावाजावांची भांडणं आणि एका घराचे कागद. बस्स. लेक म्हणाली, "अम्मी, यात तो ताटाचा प्रसंग कुठाय?"

खिजर : माफ करा बाजी, मध्येच बोलतोय. ती मालिका माझी आई बघायची. तिला ते लग्न मुळीच पटलं नव्हतं. शिकली-सवरलेली पोरगी त्या म्हशीसारख्या सासूच्या घरात कशाला गेली, असं म्हणत भांडी आपटायची. पण ताट कसलं?

नौशाबा : यांना विचारा.

मामू : पाइप लाव बाबा तू.

खिजर : तो कापतोच आहे. हात चालू आहेत, कान मोकळे आहेत.

नौशाबा : पत्रात तुम्ही लिहिलंत, मेहरुखची ओढणी बदामी रंगाची होती. कासिम गार्डांचा टीव्ही काळा-पांढरा होता, मामू. आणि तुमच्या भागांमध्ये मेहरुख सारखी आगगाडीनं जाते, आणि एकही गाडी उशिरा सुटत नाही. एवढं मला तेव्हा कळू नये?

मामू : पंधरा वर्षांची होतीस. आणि ताप असायचा.

नौशाबा : किती भाग खरे?

मामू : दोन. तिसरा आणि चौथा. कासिमच्या घरी बसून, वही घेऊन बघितले. मग माझी बदली झाली, थलच्या वाळवंटात. सहा खोल्यांचं स्टेशन, दिवसाला चार गाड्या आणि रात्री कंदील. तिथं टीव्ही कुठला? वीज नव्हती. म्हटलं, कासिमला पत्र टाकून विचारावं काय झालं पुढं. त्याचं उत्तर आलं, "लग्न झालं, सगळे मजेत आहेत." एका ओळीत. ते तुला काय पाठवणार?

नौशाबा : मग सरळ लिहायचं होतं, "इथं टीव्ही नाही."

मामू : लिहिलं होतं. ते पत्र टाकायच्या आधी सॅनिटोरियमच्या सिस्टर ग्रेसचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, तुमची भाची ताट तसंच परत पाठवते. वजन घटतंय. फक्त तुमचं पत्र आलं की त्या दिवशी दोन रोट्या खाते. मी माझं पत्र कंदिलावर धरून जाळलं आणि नवीन लिहायला बसलो. पाच-चाळीसची मालगाडी गेली की पुढची रात्री दहाला. मध्ये वेळच वेळ होता.

खिजर : बाबाजी, सगळं मनानंच? दर आठवड्याला?

मामू : दवाखान्यातलं मला काही कळत नव्हतं. म्हणून मेहरुखला मी सारखी प्रवासाला पाठवायचो. आगगाडीतलं मला लिहिता येत होतं.

नौशाबा : आणि सगळ्या रोग्यांना एकच लाल औषध.

मामू : लाल औषध चांगलं दिसतं.

खिजर : ते ताटाचं राहिलं, बाबाजी.

नौशाबा : सांगा ना मामू. मी पस्तीस वर्षं नव्या पोरापोरींना सांगत आलेय. आज तुमच्या तोंडून ऐकू दे.

मामू : आता काय आठवतंय मला. अकरावं पत्र असावं. वॉर्डात एक पोरगी असते. झैतून. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, तिच्या खाटेजवळ कुणी बसत नाही. घरचे येतात, दारातून बोलतात आणि जातात. ती जेवण सोडते. सगळे समजावतात, रागावतात. मेहरुख काही बोलत नाही. स्टूल ओढते, तिच्या खाटेला लावते. तिच्याच ताटातल्या रोटीचा तुकडा मोडते, डाळीत बुडवते, खाते. आणि म्हणते, "मीठ कमी आहे."

खिजर : मग?

मामू : मग झैतून म्हणते, "मला पण असंच वाटत होतं." आणि मीठ मागवतात. आणि दोघी जेवतात.

खिजर : एवढंच?

मामू : एवढंच. पुढं गाडी आली, मला उठावं लागलं.

नौशाबा : ते पत्र वाचून मी त्या दिवशी ताट पुसून खाल्लं. आणि सिस्टर ग्रेसला सांगितलं, मी डॉक्टर होणार. खिजरभाई, आमच्या वॉर्डात नवा रोगी आला आणि जेवेना, की मी स्टूल ओढते. हेच वाक्य बोलते. मीठ कमी असो नसो. पोरं मला पाठीमागे मिठाची डॉक्टर म्हणतात. त्यांना मी दर वर्षी सांगत आले की हे मी टीव्हीवरच्या मेहरुखकडून शिकले. आणि आता कळतं की ती बाई पाचव्या भागातच दवाखाना सोडून गेली होती.

मामू : रागावलीस?

नौशाबा : आधी रडले. मग रागावले. मग पहाटे उठून पेटीतून पत्रं काढली आणि पुन्हा वाचली. सगळी बावीस. कुठून आलं तुम्हाला ते ताट, मामू? टीव्हीवर नव्हतं, वाळूत तर नव्हतंच.

मामू : राहू दे ना.

नौशाबा : नाही. सांगा.

मामू : तुला न्यायच्या आधीचा महिना आठवतो? तू माझ्या घरी होतीस. तुझे अब्बा मस्कतला, आपाला, तुझ्या अम्मीला, काही सुचत नव्हतं. तुझा कप वेगळा ठेवायचं माझ्या तोंडून निघालं होतं. आपा रडली, मी म्हटलं घरात लहान मुलं आहेत. तुझा कप मीच उचलून न्हाणीच्या खिडकीत ठेवला. तू बघत होतीस. थलला गेलो तरी तो कप माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. रात्री सिग्नल द्यायचो आणि मला ती खिडकी दिसायची. मी जे केलं नाही ते मेहरुखकडून करवून घेतलं, बेटा. शूर माणूस असतो तर सॅनिटोरियमला येऊन तुझ्या ताटात जेवलो असतो. कागदावर सोपं असतं.

(खिजरचा हात थांबलेला. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गाणं वाजवत जाते.)

नौशाबा : निळ्या काठाचा कप. कान तुटलेला.

मामू : तुला आठवतो.

नौशाबा : आठवणार नाही? त्याचा राग होता मला, मामू. खोटं कशाला बोलू. बरी होऊन आल्यावरसुद्धा होता. गल्लीतल्या सातही जणींच्या आयांनी त्यांना माझ्याकडे यायला बंदी केली होती. मालिकेबद्दल बोलायला कुणी उरलंच नाही, म्हणून तर तुमची चोरी इतकी वर्षं पचली. पण मग मी शिकले, वॉर्डात उभी राहिले आणि रोज बघितलं. चांगल्या चांगल्या घरची माणसं, जिवापाड माया करणारी, दारात उभी राहतात. भीती अशीच असते. ती माणसं निघून जातात आणि विसरतात. तुम्ही निघून गेलात आणि बसून लिहिलंत.

मामू : फसवलं तुला.

नौशाबा : फसवलंत. पाच महिने, दर आठवड्याला, न चुकता. माझ्या हाताखालून किती हजार माणसं घरी गेली, मला मोजता येत नाहीत. त्यातल्या किती जणांनी त्या एका तुकड्यावर परत जेवायला सुरुवात केली, तेही नाही. शुक्रिया म्हणायला पंचेचाळीस वर्षं उशीर झाला. तुमच्या पॅसेंजरपेक्षा जास्त.

मामू : डॉक्टरीणबाई, डोळे पुस. लोक बघतायत.

नौशाबा : लोक कुठं आहेत? खिजरभाई आहेत, आणि तेही पुसतायत.

खिजर : पेट्रोलचा वास आहे तो, बाजी. झालं, पाइप बसला. पाणी भरतो. सावकाश चालवा, काटा वर गेला की थांबा.

नौशाबा : मामू, आज मी भाषणात हेच सांगणार आहे. मेहरुखचं नाव गाळणार आणि तुमचं घालणार. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं.

मामू : मुळीच नाही. मी मागे बसेन. रिटायर स्टेशनमास्तरनं टीव्हीवरच्या बाईच्या गोष्टी रचून पोरीला पत्रं लिहिली, हसतील सगळे.

नौशाबा : हसू दे. मग जेवतील.

मामू : आणि कपाचं?

नौशाबा : ते तुम्ही सांगा म्हणालात तर सांगेन. नाही तर नाही.

मामू : ... सांग. समोर नवी पोरं असतील ना? सांग. त्यांनीही कुणाचा तरी कप खिडकीत ठेवलेला असेल. त्यांना कळू दे की पुढं काहीतरी करता येतं.

खिजर : बसा गाडीत, बाबाजी. चालू करून बघा बाजी. हां, आता कशी शहाण्यासारखी बोलतेय. ही करंडी मागे ठेवतो. नाही नाही, एवढे माल्टे कशाला? बरं, चार ठेवा, आईला देतो. पण बाबाजी, एक राहिलं. आईनं विचारलं तर काय सांगू? तुमच्या त्या मेहरुखचं शेवटी काय झालं?

मामू : ते मलाही माहीत नाही. बाविसावं पत्र टाकलं, तेविसावं लिहायला घेतलं, आणि ही घरी आली.