कानातले खडे

मी मूळचा पेडगावचा. घरची कोरडवाहू जमीन, खाणारी तोंडं फार, म्हणून नववीनंतर वडिलांनी मला मानवतला तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या एका वृद्ध अर्जनवीसांच्या हाताखाली दिलं. उर्दू शिकलेले गृहस्थ होते. ते म्हणायचे, बेटा, माणूस रडत येतो, त्याचं रडणं कागदावर घ्यायचं नाही, फक्त तकरार घ्यायची. तो धडा मी असा गिरवला की आज तालुक्यात माझ्या तोडीचा मसुदा करणारा दुसरा नाही. ही आत्मस्तुती नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. वकीलसुद्धा येऊन विचारतात की नाना, हे वाक्य कसं बसवावं. हे लिहून घ्या.

तर सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी पत्र्याखाली बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं, असं आयुष्य त्या सावलीत गेलं. एकुलत्या मुलीचं लग्न परभणीला करून दिलं आणि त्यानंतर आमचं कुटुंब, म्हणजे मुलीची आई, वारलं. मग जेवण कसलं, काय सांगू तुम्हाला, सकाळी टपरीवर चहा-खारी, दुपारी चहा, रात्री भात आणि तिखट. मटण-अंडं आमच्या घरात कधी शिजलं नाही, आणि एकट्यासाठी दूध कोण तापवतं.

एके सकाळी अंथरुणात डाव्या कुशीवर वळलो तर आढं गरगर फिरू लागलं. पलंगाची पाटी घट्ट धरली. थोड्या वेळानं थांबलं. मग नळावर वाकलो की तसंच, वर पाहिलं की तसंच. पायांना मुंग्याही यायच्या. म्हटलं पित्त असेल, लिंबू पिळून प्यालो.

अशात नातवाचं बारसं आलं. परभणीला व्याह्यांच्या घरी भरल्या बैठकीत मी पाळण्यावर वाकलो, बाळाच्या पायात चांदीचे वाळे घातले, मान वर केली आणि सगळं घर फिरलं. पाळण्याची दोरी हातात आली, पाळणा तिरपा झाला, विहीणबाईंनी बाळ वरच्यावर झेललं म्हणून बरं, आणि मी खाली. गल्लीतली माणसं धावत आली. व्याही शांतपणे म्हणाले, पाहुणे, आजच्या दिवस तरी घ्यायची नव्हती.

मी थेंबाला शिवलेला नाही. पण त्या वेळी तोंडातून काय निघालं, की सदर आरोप पूर्णतः निराधार असून मी त्याचा निषेध करतो. बैठक हसली. एक जण म्हणाला, बघा, लागली की माणूस असंच शुद्ध बोलतंय. मुलगी दारात उभी होती, बाळाला छातीशी धरून, खाली मान घालून. त्यानंतर त्यांनी तिला माहेरी पाठवलं नाही. पंचमी गेली, दिवाळी गेली.

औषध मी केलं नाही असं नाही. मानवतला एक डॉक्टर झाले, दोन झाले. प्रत्येकाला मी व्यवस्थित निवेदन केलं की प्रकृती-अस्वास्थ्यामुळे अशक्तता असून अधूनमधून भोवळ येते. ते रक्तदाब बघायचे, पित्ताच्या गोळ्या द्यायचे, सलाईन लावायचे. शेवटी परभणीला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, काका, अर्ज नका देऊ, घरात सांगता तसं सांगा.

घरात कोणाला सांगत होतो मी. मग आपसूक निघालं, बाई, डाव्या कुशीला वळलं की घर फिरायलंय, पाटी धरून पडून ऱ्हातो, लय भ्या वाटतंय, हाक मारायला कुणी न्हाई.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. डाव्या कुशीला, असं हे आधी का कोणाला सांगितलं नाही म्हणाल्या. त्यांनी मला आडवं करून डोकं पलंगाबाहेर लोंबतं धरलं, डोळे मिटू नका म्हणाल्या, आणि मान हळूहळू एका बाजूची दुसऱ्या बाजूला वळवली. जग फिरलं आणि थांबलं. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटले होते. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व फार कमी, म्हणून ते खडे कच्चे पडून सुटत असावेत, आणि बी-बारा कमी म्हणून पायांना मुंग्या. परभणीकडच्या माणसाला उन्हाची कमतरता, यावर त्या हसल्या, मीही हसलो. सुया घेतल्या, गोळ्या घेतल्या. आता सकाळी उघड्या हातांनी उन्हात बसतो. आढं जागेवर आहे.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, नाना, मला पयल्यापासून ठाऊक हाय तुमी घेत न्हाईत. पण मामंजींना सांगायला गेले तर म्हणतेत, कानानं कुणी पडतं का.

मागच्या महिन्यात एसटीनं परभणीला गेलो. बोलावल्याशिवाय व्याह्यांचा उंबरा चढायचा नाही ही आपली रीत, म्हणून नुसता त्यांच्या गल्लीतून चाललो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सरळ. व्याही ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. पडलो तेव्हा गल्ली धावली होती. नीट चालणाऱ्या माणसाकडं कोण बघतंय हो. तिथून स्टँडवर आलो आणि मानवतची गाडी धरली.

असू द्या. लेक तिच्या घरी सुखात हाय. नातू आता पाऊल टाकायला लागला म्हणतात. त्याचा तोल कधी न जावो.