मागच्या चाकांची जुनी जोडी

मी, लोरेत्ता दाल्लाताना, वय ४६ वर्षे, व्यवसाय माध्यमिक शाळेत इतिहासाची शिक्षिका, राहणार रोकाव्हेर्दे, जिल्हा पार्मा, आज दि. २१ जून २०१९ रोजी पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी वडील अदेल्मो, वय ८१, यांच्यासोबत राहते. थोरला भाऊ मिर्को, वय ५१, त्याच घरात खालच्या मजल्यावर राहत होता. रविवार दि. ९ जून रोजी डोंगरावरच्या रस्त्याने येताना गाडी दरीत जाऊन तो मयत झाला. गाडी वडिलांची आहे. १९६६ सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार.

गावातील गॅरेजवाले ओरेस्ते गांदिनी यांनी मागच्या चाकांचे शॉकॲब्सॉर्बर नीट दुरुस्त केले नाहीत, म्हणून अपघात झाला, अशी वडिलांची तक्रार आहे. त्या तक्रारीत साक्षीदार म्हणून माझे नाव दिले आहे. गांदिनी यांचे म्हणणे, त्यांनी मागे नवीन जोडी बसवून दिली होती. मोडलेल्या गाडीला जुनी जोडी निघाली. त्यामुळे ते खोटे बोलतात असे धरून त्यांच्या गॅरेजला कुलूप लागले आहे. ते खोटे बोलत नाहीत.

वडिलांनी तरुणपणी तोरिनोच्या एका कारखान्यात अकरा वर्षे काम केले. तिथे शॉकॲब्सॉर्बर बनत. वडील तपासणीला होते. पास झालेल्या प्रत्येक नगावर तपासनीस आपला क्रमांक ठोकत असे. वडिलांचा क्रमांक ४१. नोकरी सोडताना त्यांनी चार नग सोबत आणले आणि स्वतःच्या हाताने या गाडीला लावले.

मार्च महिन्यात गाडी फार डोलते म्हणून चारही नग गांदिनी यांनी काढून उघडले. त्या वेळी गॅरेजात वडील, मिर्को आणि मी हजर होतो. गांदिनी वडिलांचे शाळेपासूनचे मित्र आहेत. ते म्हणाले, "पुढचे दोन होतील. सील बदलतो, नवं तेल भरतो, तुझ्यामाझ्या नंतरही चालतील. मागचे दोन मात्र गेले, अदेल्मो. दांड्यांना गंजाचे खड्डे पडलेत, कसलंही सील घाल, फाडून टाकतील. आणि नळ्या इतक्या पातळ झाल्यात की आत नवं काही बसवायचीही सोय नाही. नवी जोडी घे."

वडील म्हणाले, "तुला कामाचा कंटाळा आलाय. तसं सांग ना."

"गेल्या वर्षी तुझा खुबा बदलला, तेव्हा डॉक्टरला म्हणालास का, मूळचाच घासून बसवा म्हणून?"

आम्ही सगळे हसलो. वडीलही हसले. मग म्हणाले, "खुब्यावर माझा नंबर नव्हता." आणि काठी घेऊन बाहेर गेले.

मिर्कोने मागे नवीन जोडी बसवायला सांगितली. घरी वडिलांना मात्र चारही दुरुस्त झाले असे सांगितले. मला म्हणाला, "बाबा आता खाली वाकून बघतात कुठे?" मी हरकत घेतली नाही. गाडी घ्यायला गेलो तेव्हा गांदिनी यांनी जुनी जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. त्यात तेल नव्हते. ते म्हणाले, "ही भिंतीवर लाव, गाडीला नको. आणि मिर्को, बापाला तूच सांग. त्याने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." वडिलांनी त्यांना विचारले नाही.

दि. ९ रोजी पिएव्हे गावच्या चौकात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. शुक्रवारी जेवताना वडील म्हणाले की तोरिनोहून कारखान्यातले दोन सोबती येणार आहेत, त्यांना चारही नगांवरचा ४१ चा ठसा दाखवायचा आहे. मिर्कोने माझ्याकडे पाहिले. शनिवारी दुपारी वडील झोपले असताना त्याने शेडमध्ये गाडी जॅकवर घेतली, नवीन जोडी काढली आणि जुनी लावली. दिवा मी धरला होता.

मी विचारले, "याने चालेल का?"

"जायला बारा, यायला बारा किलोमीटर. अंड्यांची टोपली नेतात तशी नेतो. संध्याकाळी परत बदलू. दिवा खाली घे जरा."

मी दिवा खाली घेतला.

रविवारी चौकात वडिलांनी खुब्याची पर्वा न करता गुडघे टेकले आणि सोबत्यांना बॅटरीने ठसा दाखवला. मग उठून मागच्या मडगार्डवर भार दिला आणि सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, एवढे मलाही ठाऊक आहे. ती वरखाली होत राहिली. वडील सोबत्यांना म्हणाले, "बघा. जुन्यांची चाल ही अशी. नव्यांना जमायची नाही." त्यावर मिर्को हसला, असे मी थोड्या वेळापूर्वी तोंडी सांगितले. तो नक्की हसला का, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही.

जेवणानंतर वडील माझ्या गाडीत बसले. मिर्कोला म्हणाले, "खालच्या रस्त्याने नको. वरून ने, तिला जरा मोकळी पळू दे." मिर्को म्हणाला, "बरं, बाबा." तो पुढे होता, मी मागे. तो वेगात नव्हता. चर्चच्या पुढच्या वळणावर डांबर उखडलेले आहे. तिथे त्याच्या गाडीचे मागचे उजवे चाक रस्ता सोडून उडू लागले. वडील म्हणाले, "कशी नाचतेय बघ." त्यानंतर रस्त्यावर गाडी नव्हती.

नवीन जोडी, पिवळ्या रंगाची, शेडमध्ये पोत्याखाली होती. ती मी आज माझ्या गाडीच्या डिकीतून आणून ठाण्यात जमा केली आहे. गांदिनी यांना या अदलाबदलीची कल्पना नव्हती. वडिलांना अजूनही नाही.

इतके दिवस हे का सांगितले नाही, असे विचारले. वडील रोज जेवताना विचारतात, "ओरेस्तेने असं का केलं असेल गं?" मी त्यांना वाढते. दुसरे कारण मला सापडलेले नाही.

आज इकडे येताना वडिलांनी मला बजावले, "ठशाचं सांगायला विसरू नकोस. नाहीतर ते नग आपले आहेत हे त्यांना कळणार कसं?" ठशाचे वर सांगितले आहे.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. वडील बाहेरच्या बाकावर बसले आहेत म्हणून वाचण्यापूर्वी दार लावून घ्यावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. "वडिलांच्या आग्रहामुळे जुनी जोडी पुन्हा बसवली" असे एक वाक्य त्यात लिहिले गेले होते, ते मी खोडायला लावले. वडिलांनी आग्रह केला नव्हता. ती जोडी गाडीलाच आहे, असे ते धरून चालले होते. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वडिलांना हे ठाण्यातून कोणी सांगू नये. सही करून मी बाहेर जाते आहे.