बेंगळूरला जाऊन आलेलं पुस्तक

हिनकलच्या बसमध्ये वेदवतीच्या पुढच्या सीटवर दोन म्हातारे बसले होते. वेंकोबाचं विजयनगरात पुस्तकांचं दुकान, आणि श्रीहरीराव त्याचं जुनं गिऱ्हाईक.

“वेंकोबा, माझं पार्सल आलं?”

“हे घ्या. घरी कुणी नसतं म्हणून माझ्या दुकानाचा पत्ता देता, आणि मागवता काय, तर पुस्तक!”

“ऑनलाइन स्वस्त पडतं. तुमच्याच स्टुलावर बसून, तुमचंच पुस्तक चाळून मागवलं. लपवलं नाही हं.”

“माहितीये. ऑर्डर मलाच आली.”

“अय्यो! तुम्ही ऑनलाइन विकता?”

“मग! तुम्ही चाळलेलंच बांधून दिलं. बेंगळूरला कंपनीच्या गोदामात जाऊन परत माझ्याकडे आलं.”

“अहो, समोर बसलो होतो की मी! हातात द्यायचं!”

“दुकानात मागितलंत कुठं?”

“एवढ्या वर्षांची ओळख आपली…”

“म्हणून तर कागद दुहेरी गुंडाळला.”

वेदवतीला पार्सल टराटरा फाडल्याचा आवाज आला.

“पानाचा कोपरा दुमडलाय!”

“खूण म्हणून तुम्हीच दुमडला होतात.”

“तरी दुमडलेलाच ना? परत करणार मी.”

“करा की.”

“मग उद्या दुकान लवकर उघडा. कुरियरवाला न्यायला तिथंच येणार.”